कलमाची पट्टी

१

शुक्रवारी सकाळी मी दात घासत होतो आणि फोन वाजायचा थांबेना. आमच्या बडनेरा रोडच्या ग्रुपवर चारशे बारा माणसं आहेत. त्यातली चारशे रोज सकाळी देवाचे फोटो आणि सुविचार टाकतात, म्हणून मी तो ग्रुप सहसा उघडत नाही. त्या दिवशी उघडला, आणि तोंडातला फेस तसाच राहिला.

"सावधान. ही करिश्मा, कॉम्प्युटर रिपेअरवाली. आमच्या घरी रविवारी नवीन ग्राफिक्स कार्ड बसवून गेली. बुधवारी परत आली, ते काढून नेलं आणि जुनं लावून गेली. हिला घरात घेऊ नका." खाली करिश्माचा हसरा फोटो. पाठवणारा चंदन, नर्सरीवाल्या किसनरावांचा मुलगा.

मी आयटीआयमध्ये एकतीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. करिश्मा माझ्या शेवटच्या बॅचची. सव्वीस मुलांत ती एकटी मुलगी. सोल्डरिंगला तिचा हात असा चाले की मी बाकीच्या गाढवांना तिच्या टेबलाशी उभं करून दाखवत असे. आज गावात घरोघरी जाऊन कॉम्प्युटर जोडणारी बाई ती एकच. त्या मेसेजखाली तेवढ्यात तीस जणांनी हात जोडून "धन्यवाद भाऊ" लिहिलं होतं. मला असा राग आला की ब्रश बेसिनमध्ये आपटला.

चूळ भरून बाहेर आलो तर ती फाटकातच उभी. खांद्याला हत्यारांची बॅग, डोळे सुजलेले.

"सर, सोमवारपासून शाळेच्या लॅबचं काम हाय माह्याकडं. तीस मशिनी. आत्ता हेडमास्तरचा फोन आला. म्हणे, उद्या सहा वाजेपर्यंत हे निस्तर, नाई तं आमी दुसरा माणूस पाहून राहिलो."

"पोलिसात गेला का तो चंदन?"

"पोलीस परवडले असते. ग्रुपवर टाकलं त्यानं. आता कोणती बाई मले तिच्या घरात शिरू देईन?" तिनं बॅग खाली ठेवली. "सर, एक विचारू? तुमाले वाटते का मी नेलं असन?"

मी लगेच 'नाही' म्हणायला हवं होतं. पण एकतीस वर्षांत फार चांगल्या मुलांनी वर्कशॉपमधून फार साध्या वस्तू नेलेल्या मी पाहिल्या आहेत. मला एक क्षण उशीर झाला, आणि तो तिनं पाहिला.

२

किसनरावांची नर्सरी बडनेऱ्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. पुढे झेंडू-शेवंतीचे वाफे, मागे संत्र्याच्या कलमांच्या रांगा. या भागात संत्र्याचा बगिचा लावायचा म्हटलं की माणूस विचारतो, कलमा कोणाच्या हातच्या? किसनरावांच्या हातच्या म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही. जंबेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा बसवून प्लास्टिकची पट्टी बांधायची, एवढंच ते काम, पण ज्याच्या हातचे डोळे धरतात त्याचं नाव चालतं.

चंदन ओसरीतच आडवा आला. पंचविशीचा, तापट.

"सर, तुमाले मान हाय म्हणून आत या. हिले नाई."

"ही येत नसेल तर मीही येत नाही," मी म्हटलं. "आणि मग मी ग्रुपवर लिहीन, की चंदनभाऊंनी मशीन पाहू दिली नाही."

तो बाजूला झाला. ग्रुपची भीती दोन्ही बाजूंनी चालते.

आतल्या खोलीत वर्षाली होती, चंदनची मोठी बहीण आणि करिश्माला 'करू' म्हणणारी तिची शाळेपासूनची मैत्रीण. ती इमारतींची थ्रीडी चित्रं करते. अजून न बांधलेलं घर पडद्यावर असं उभं करते की आपण त्यातून फिरून यावं. हैदराबादच्या एका कंपनीनं तिला परीक्षेसाठी एका दवाखान्याचं काम दिलं होतं. मंगळवारपर्यंत द्यायचं. जमलं तर तिकडं नोकरी. त्यासाठीच ते कार्ड. पडद्यावरचं चित्र रंगवायला कॉम्प्युटरात जो वेगळा कारागीर बसवतात, तो म्हणजे हे ग्राफिक्स कार्ड. कारागीर थकलेला असला तर एक चित्र उमटायला रात्र जाते.

"काल संध्याकाळी ही रडकुंडीले आली, मशीन लई हळू चालते म्हणे," चंदन सांगू लागला. "मी झाकण उघडलं तं आत जुनंच कार्ड! अर्धे पैसे माहे होते त्याच्यात, सर. फुलाच्या गाडीवर उभा राहून जमोले."

"वर्षाली, तू शेवटचं कधी पाहिलंस नवं कार्ड?"

ती खाली बघत होती. "बुधवारी सकाळपर्यंत मशीन चांगली चालत होती, सर."

करिश्मानं तिच्याकडं पाहिलं. वर्षालीनं मान वर केली नाही.

मी खुर्चीत बसलो, सवयीनं उजवीकडे माऊस शोधला, तो कीबोर्डच्या डाव्या अंगाला सापडला. जुनं कार्ड चालू होतं, पण रडत. मग मशीन बंद करून वायर काढली आणि करिश्मानं झाकण उघडलं. मी मागून टॉर्च मारला. डब्याच्या मागच्या बाजूला कार्डांसाठी आडव्या खिडक्या असतात. एका खिडकीत जुन्या कार्डाचं तोंड होतं. तिच्या खालची खिडकी मोकळी होती, आणि ती कुणीतरी पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीनं बंद केली होती. वरच्या आणि खालच्या पत्र्याच्या काडीला डावीकडून वेढे देत, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवत, इतकी घट्ट आणि सारखी, की मी चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

"ही खिडकी मोकळी का?"

"नवं कार्ड जाड असते, सर. दोन खिडक्या खाते," करिश्मा म्हणाली. "जुनं एकच खाते. रविवारी मी खालच्या खिडकीचं झाकण काढलं." तिनं बॅगेचा छोटा कप्पा उघडला आणि बोटभर लांब पत्र्याची पट्टी आणि एक स्क्रू टेबलावर ठेवला. "हे घ्या. माह्याकडंच हाय तं मी प्लास्टिक कायले बांधू?"

"आमाले फसवाले!" चंदन ओरडला. "कलमाची पट्टी होय ती. आमच्या घरात पावलापावलावर पडली असते. उचलली अन् बांधली!"

मी नवीन कार्डाचा खोका मागवला. तो कपाटावरच होता. आत फोमचा साचा, माहितीचं पुस्तक, बिल, सगळं जागच्या जागी.

"रविवारी यात मी जुनं कार्ड ठेवलं होतं," करिश्मा म्हणाली, "अन् नव्याची चंदेरी पिशवी घडी करून." पुस्तक उलटंपालटं करून तिनं खोका झटकला. "पिशवी नाई, सर."

३

किसनराव मागच्या अंगणात बाजेवर बसले होते. वाळलेले, सडसडीत, पांढरी टोपी. बाजेखाली टोपलीत चुरगळलेल्या कलमाच्या पट्ट्यांचा ढीग होता, एकही धड नाही. शेजारी शेडच्या भिंतीला टेकून एक जुनी कुदळ होती. तिचा फुटलेला दांडा तशाच पट्टीनं आवळून बांधला होता.

"बसा मास्तर. पोरांची माय माणिकबाई तं पंधरा दिवसांपासून दर्यापूरले हाय, बहिणीचं ऑपरेशन झालं. चहा पोरीच्याच हातचा घ्यावा लागन."

वर्षालीनं चहा आणला. किसनरावांनी उजवा हात पुढे केला, मग थांबून दोन्ही हातांनी कप धरला. तरी बशीत चहा सांडला. ते हसले. "लई गरम हाय." माझा चहा तर कोमट होता.

"बुधवारी करिश्मा आली तेव्हा तुम्हीच होतात घरी?"

"होय नं. चंदन गाडीवर, वर्षाली ब्यांकेत गेलती. हे पोरगी आली, म्हणे पंख्याचा आवाज पाहतो. वीसेक मिनिटं होती आत. मी इथीच बसलो होतो."

"जाताना हातात काही?"

"बॅग होती. तिच्या बॅगेत मी कायले डोकावू?" त्यांनी कप खाली ठेवला. "मास्तर, मले नाई वाटत तिनं नेलं. पण पोरगा ऐकत नाई. अन् माह्याकडं काही पुरावा नाई."

"वर्षाली हैदराबादला गेली तर तुम्हाला चालेल?"

"चालन? अहो, मीच म्हणून राहिलो जा म्हणून. इथं चिखलात हात घालून काय होते? माहं चांगलं चाललं हाय. हातात जोर हाय अजून."

हे शेवटचं वाक्य मी विचारलेलंच नव्हतं.

पलीकडे चंदन रोपांचे गठ्ठे बांधत होता. एका गठ्ठ्याला तीन गाठी, त्यातल्या दोन सुटलेल्या.

"कलमा तू बांधतोस का रे?"

"मी? गठ्ठे बांधतो तेच लई झालं. या साली आठ हजार डोळे बांधले, सारे बाबानं. पहाटे उठते बुढा, आमी उठायच्या आधी दोन रांगा झाल्या असतात." त्याच्या आवाजात अभिमान होता. मग राग परत आला. "सर, माही बहीण हैदराबादले जाईन म्हणून मी साऱ्या चौकात सांगून ठेवलं हाय. आता कोणत्या तोंडानं सांगू? त्या पोट्टीनं तिचा जलम नासवला."

त्याचा राग खरा वाटला. पण मला खरा वाटलेला राग याआधीही खोटा निघालेला आहे. मी करिश्माला घरी पाठवलं आणि दुपारची गाडी धरून अकोल्याला गेलो. कार्ड चोरीला गेलं असेल तर ते विकायला कुठंतरी येणारच होतं.

४

जठारपेठेत कुलदीपचं दुकान आहे. तोही माझाच विद्यार्थी, करिश्माच्या आधी चार वर्षं. कार्ड त्याच्याकडूनच घेतलेलं.

"दोघी आल्या होत्या सर, अन् तीन तास बसल्या," तो हसत म्हणाला. "वर्षालीले सगळ्यात मोठं पाहिजे होतं. करिश्मानं पर्समधून टेप काढला, घरून डब्याचं माप घेऊन आलती. म्हणे हे तीस सेंटीमीटर हाय, हार्डडिस्कले धडकन. मग पॉवर सप्लायचे वॉट विचारले, वायरीचे पिन मोजले. शेवटी दोन पंख्यांचं आखूड घेतलं, मेमरी मात्र बारा जीबी. वर्षालीच्या कामाले मेमरीच लागते. असं गिऱ्हाईक दिवसातून एक आलं तरी माहं डोकं शांत राहीन."

त्यानं तसंच दुसरं कार्ड माझ्या हातात दिलं. वीट बरी, एवढं जड. मागच्या तोंडाला खरंच दोन खिडक्यांची रुंदी होती.

"हे चोरून कोणी विकायला आणलं तर?"

"खोका अन् बिल नसन तं कोणी हात लावत नाई. खोक्यासहित आणलं तं अर्ध्याच्या वर भाव येते. हे करिश्माले चांगलं ठाऊक हाय, माह्याकडं जुना माल तीच तपासून देते."

"आणि ही चंदेरी पिशवी कशाला असते?"

"सर, तुमीच शिकोलं होतं! अंगातल्या करंटानं चिप मरते. कार्ड जपून ठेवायचं असन तं पिशवी पाहिजेच."

मला माझीच लाज वाटली. विकायचं असतं तर चोरानं खोका आणि बिल नेलं असतं. यानं खोका सोडला, बिल सोडलं, आणि नेमकी पिशवी नेली. म्हणजे कार्ड विकायचं नव्हतं. ते काही दिवस सुखरूप ठेवायचं होतं.

"चंदनचा फोन आला होता काल," कुलदीप म्हणाला. "कोणी पोरगी कार्ड विकाले आली तं पकडून ठेवा म्हणे. रडत होता सर. चोर असा फोन करत नाई."

परतीच्या गाडीत मी हिशोब लावत बसलो. करिश्मा वगळली, कारण तिच्या बॅगेत खरं झाकण होतं, आणि ज्याच्या बॅगेत झाकण आहे तो प्लास्टिक बांधत नाही. चंदन वगळला, कारण त्याला साधी गाठ धड मारता येत नाही. माणिकबाई दर्यापूरला. वर्षाली आपलंच कार्ड कशाला लपवील? उरलं कोण? आठ हजार डोळे बांधणारा माणूस. पाल आत शिरू नये म्हणून मोकळी खिडकी बघून ज्याचा हात आपोआप पट्टीकडे गेला, तो.

किसनराव. मुलगी लांब जाऊ नये म्हणून बापानं केलं. मला वाईट वाटलं, पण उत्तर मिळाल्याचं समाधानही झालं. बडनेरा आलं. पिशवी उचलताना माझ्या हातून पाण्याची बाटली सुटली, पाणी पायावर सांडलं, आणि मी दारातच थबकलो. ज्याच्या हातात चहाचा कप ठरत नाही, त्यानं ती पट्टी बांधली कशी?

५

शनिवारी सकाळी मी कोणालाही न सांगता नर्सरीत गेलो. नव्या कलमांच्या रांगेत गुडघ्यावर बसलो आणि एकेक पट्टी पाहू लागलो. दहा, वीस, चाळीस. सगळ्या डाव्या अंगानं चढत गेलेल्या, शेवटचं टोक डावीकडून आत खोचलेलं. गाठ कुठंच नाही. मग शेडपाशी जाऊन कुदळीचा दांडा पाहिला. त्याच्यावरची पट्टी उजवीकडून चढली होती, टोक उजवीकडे. बांधणारा हातही मुरलेला, पण दुसरा.

"काय पाहून राहिले, सर?"

वर्षाली मागं उभी होती. डाव्या हातात पाण्याचा पाइप.

"तुझे डोळे चांगले धरलेत," मी म्हटलं. "आठही हजार तुझेच ना?"

तिनं पाइप सोडून दिला. पाणी वाफ्यात भरत राहिलं.

मी सांगत गेलो. तिच्या मशीनवरची पट्टीही डावीकडून चढलेली होती. माऊस डावीकडे होता. या घरात डाव्या हाताचं एकच माणूस, आणि या साली पट्ट्या बांधणारीही तीच. किसनरावांच्या बाजेखाली मी फुकट गेलेल्या पट्ट्यांचा ढीग पाहिला होता. हात बसतो का ते हा माणूस एकट्यानं करून पाहतो, आणि हात बसत नाही.

"दिवाळीपासून हात कापते बाबाचा," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणे, वाढतच जाईन. मी पहाटे बांधतो, तो मांडी घालून बाजूले बसते. कोणालेच ठाऊक नाई. चंदनलेबी नाई. गिऱ्हाईक बाबाच्या हातासाठी येते, सर. हात गेला हे कळलं तं काय राहिलं त्याचं?"

"मग जात नाही म्हणून सांगायचं."

"सांगतलं. तं बाबा म्हणे माहा हात सुधरून राहिला, तू जा. खोटं बोलते. मी नाई म्हटलं असतं तं त्याले समजलं असतं कशापायी. म्हणून वाटलं, मशीनच नाई चालली, काम नाई झालं, तं कोणाचा दोष नाई. करूनं रविवारी कसं बसवलं ते मी पाह्यलं होतं. बुधवारी रात्री काढलं, पिशवीत घालून बियाण्याच्या कोठीत ठेवलं. मोडून टाकाचा जीव नाई झाला. सीझन संपला का परत लावणार होतो." ती वाफ्याच्या बांधावर बसली. "चंदन झाकण उघडन असं कुठं वाटलं होतं? अन् त्यानं करूचं नाव घेतलं तवा..."

"तेव्हा तू गप्प राहिलीस."

"होय."

मला तिची कीव आली आणि तिच्या थोबाडीत मारावीशीही वाटली. दोन्ही खरं.

"सर, बाबाले सांगू नका. काहीबी दुसरं सांगा. कार्ड दुकानात राहिलं म्हणा, काहीबी."

"रविवारी ते इथं चाललेलं सगळ्यांनी पाहिलं. आता काहीही दुसरं सांगितलं तर लोक म्हणतील मास्तरनं आपल्या विद्यार्थिनीला वाचवलं. करिश्माकडं सहा वाजेपर्यंत वेळ आहे, वर्षाली. मी साडेचारला तिला घेऊन येतो. तोवर तू ठरव, कोणाचं काय झाकायचं ते."

६

साडेचारला आम्ही पोचलो तेव्हा अंगणात दर्यापूरकडचे दोन शेतकरी कलमा बुक करायला आले होते. किसनराव त्यांच्याशी बोलत होते, दोन्ही हात बगलेत दाबून. करिश्माला पाहून चंदन उठला.

वर्षाली आतून आली. चंदेरी पिशवी तिनं दोन्ही हातांवर धरली होती.

"करिश्मानं काई नेलं नाई. मी काढलं."

चंदनला आधी कळेचना. मग त्याचा चेहरा उतरला. "तू? काहून?"

वर्षालीनं पिशवी बाजेवर ठेवली. "काहून वं ताई? मी माह्या हातानं त्या पोरीले चोर लिहिलं! काहून काढलं?" ती खाली बघत उभी. कारण मला ठाऊक होतं, पण ते सांगायचा हक्क माझा नव्हता.

किसनराव बाजेवरून उठले. त्यांनी मुलीकडं पाहिलं, पिशवीकडं पाहिलं, आणि वर्षालीनं न सांगितलेलं त्यांना कळलं असावं. जवळच्या रोपाशी ते उकिडवे बसले आणि खिशातून पट्टी काढली.

"बाबा, नको," वर्षाली म्हणाली.

त्यांनी बगलेतला दुसरा हातही काढला. पहिला वेढा घसरला. दुसरा घसरला. तिसऱ्याला पट्टीच हातातून सुटली. शेतकऱ्यांपैकी एकानं मान दुसरीकडे वळवली.

"पाहून घ्या भाऊ," किसनराव त्यांना म्हणाले. "हात गेला माहा. या सालच्या साऱ्या कलमा पोरीच्या हातच्या हायेत. पटते तं न्या, नाई तं नका नेऊ." मग ते वर्षालीकडं वळले, आणि आवाज एकदम खाली आला. "माह्यासाठी केलं, हे समजते मले. पण माहा हात झाकाले तू दुसऱ्याच्या पोरीचं नाव पांघरलं? मी लुळा झालो असतो तं चाललं असतं, वर्षाली. हे नाई चालत."

चंदननं तिथंच उभ्या उभ्या फोन काढला. "चूक माझी होती. करिश्मानं काही नेलं नाही. कार्ड घरातच होतं. मी तिची माफी मागतो." ग्रुपवर टाकलं आणि फोन तिला दाखवला. ती वाचून म्हणाली, "हेडमास्तरले फोन लावा." त्यानं लावला. स्पीकरवर हेडमास्तर "बरं बरं, सोमवारी येऊ द्या तिला" म्हणाले तेव्हा सहाला दहा कमी होते.

मला वाटलं, संपलं. करिश्मानं बॅग उचलली आणि ती सरळ आत गेली. मशीनची वायर काढली, झाकण उघडलं, डब्याच्या पत्र्याला बोट लावून अंगातला करंट उतरवला. जुनं कार्ड काढलं, नवं दोन्ही अंगठ्यांनी दाबून बसवलं, खटका वाजेपर्यंत. पॉवरची वायर जोडली, स्क्रू पिळले. पडदा लागला. तिनं दवाखान्याचं चित्र उघडून पाहिलं. पंधरा मिनिटांत ती वर्षालीशी एक शब्द बोलली नाही.

"मंगळवारपर्यंत होते तुहं काम," शेवटी हात पुसत ती म्हणाली.

वर्षाली दारात रडत होती. "करू, मी फोन करणार होतो तुले. रोज वाटे आज सांगतो, आज सांगतो."

"दोन दिवस होते तुह्याकडं."

"माफ कर नं वं. येशील नं आता पयल्यासारखी?"

करिश्मानं बॅगेची चेन लावली. "येईन. बोलावलं का येईन, धंदाच हाय माहा. पण मी मशीन उघडली का तू समोर बसायचं. झाकण लावेपर्यंत उठायचं नाई. आजपासून मी कोणाच्याच घरात एकटी नाई बसत."

वर्षालीनं तिचा हात धरला. तिनं तो हळूच सोडवून घेतला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण शुक्रवारी फाटकात मला झालेला उशीर आठवला आणि मला बोलवेना. करिश्मा अंगण ओलांडून गेली, स्कूटर चालू केली, आणि माझ्यासाठी न थांबता रस्त्याला लागली.